अंगुस्ताने मंडळींचं घर

बाहुलीघराच्या आधी त्यातली कोळशाची बादली तयार झाली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं पितळी अंगुस्तान, म्हणजे शिवताना बोटात घालायची टोपी, आमच्या नातीनं, सईनं उचललं आणि मला म्हणाली, "आबा, याला कडी लावून दे ना." मी तारेची कडी लावली. मागच्या अंगणातल्या शेगडीतला कोळशाचा चुरा त्यात भरला. मग बादली ठेवायला फायरप्लेस हवी झाली, फायरप्लेसला भिंत हवी, भिंतीला खोली. लंगोटी उंदरानं कुरतडू नये म्हणून मांजर आणि मांजराच्या दुधासाठी गाय पाळणाऱ्या बैराग्याची गोष्ट आपण पोरांना सांगतो. माझं तेच झालं. एप्रिलमध्ये नुसतं अंगुस्तान होतं, सप्टेंबरात चार मजली घर उभं होतं आणि त्याच्या खाली खणात बाग.

अंगुस्तानाला इंग्रजीत थिंबल म्हणतात, म्हणून घरात राहणाऱ्यांचं आडनाव सईनं थिंबल ठेवलं. मी लगेच त्याचं अंगुस्ताने करून टाकलं. सदाशिव पेठेत एखाद्या दारावर खपून जाईल असं आडनाव आहे.

आम्ही दोघं सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे, लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये होतो. साताऱ्याच्या पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. कालवे, सांडवे, दरवाजे काढले, घर एकही नाही. पण हात शिवशिवत होता, आणि मुलीकडे रिकामटेकडं बसून 'बाबा, चहा घेणार का' ऐकायला किती दिवस बरं वाटतं?

बाहुलीघराचं रूढ प्रमाण एकास बारा. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे इथला एक इंच. फूट आणि इंचांवर वाढलेल्या माणसाला हे फार सोयीचं. दहा फुटी छत म्हणजे दहा इंच, हिशोबच नाही. लंडनच्या जुन्या ओळीतल्या घरांची रुंदी पंधरा ते वीस फुटांच्या आसपास असते, म्हणून मी अठरा इंच धरली. खाली तळघरात स्वयंपाकघर, त्यावर जेवणाची खोली, त्यावर दिवाणखाना आणि एक झोपायची खोली, सगळ्यात वर माळा.

आराखडा काढायच्या आधी दोन ठिकाणं पाहून आलो. पहिलं केन्झिंग्टनमधलं १८, स्टॅफर्ड टेरेस. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सँबोर्न १८७५ पासून तिथं राहत. घर आतल्या सामानासकट जवळजवळ तसंच राखलं आहे. भिंतींवर चौकटी इतक्या खेटून लावल्यात की वॉलपेपर शोधावा लागतो. मी खिशातली टेप काढली तशी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, इथे नको." डोळ्यांनीच मापं घेतली.

दुसरं विंडसरच्या राजवाड्यातलं, राणी मेरीचं बाहुलीघर. राष्ट्रपती भवन बांधणाऱ्या ल्युटेन्सनीच त्याचा आराखडा केला, १९२४ मध्ये पूर्ण झालं, आणि प्रमाण तेच, एकास बारा. नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते, तळघरातल्या बाटल्यांत खरी वाइन आहे. लोक त्या बाटल्यांसाठी माना वाकड्या करत होते. मी मात्र जोत्याशी खिळलो. बाग खणात होती. गर्ट्रूड जेकिल या नावाजलेल्या बागकर्तीनं ती आखली आहे, घराच्या बैठकीतून बाहेर ओढायची आणि काम झालं की आत ढकलायची. माझी अडचण नेमकी हीच होती. लंडनमधल्या असल्या घरामागे साठ फूट लांब चिंचोळी बाग असली तर नवल नाही. एकास बारानं तिचे साठ इंच होतात, म्हणजे पाच फूट. सईच्या खोलीत पाच फूट मोकळी जागा फक्त तिच्या पलंगाखाली होती.

घराला नऊ मिलिमीटरचं एमडीएफ घेतलं, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी. दुकानात सरळ काप मारून देतात, त्यामुळे भिंती दोन दिवसांत उभ्या राहिल्या आणि मी जरा फुशारलो. मग जिना लावला. प्रत्येक मजल्याला सोळा पायऱ्या, पायरी पाच अष्टमांश इंच, एकूण दहा इंच. कागदावर चोख. लावून पाहिलं तर जिना वरच्या जमिनीला टेकेचना. खोलीची उंची धरली होती, मधल्या फळीची जाडी धरलीच नव्हती! नऊ मिलिमीटर दिसायला काही नाहीत, पण मिस्टर थिंबलच्या पायाला ते सव्वाचार इंच. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या नकाशात हीच चूक लाल पेन्सिलीनं दाखवली होती. शेवटी प्रत्येक जिन्याच्या तळाशी एक बुटकी पायरी चिकटवली. सईला ती मांजराची पायरी वाटते. मी खुलासा केलेला नाही.

विटांनी मात्र जीव खाल्ला. अंड्यांच्या ट्रेचा कागदी लगदा कापून एकेक वीट केली, एकोणीस मिलिमीटर लांब आणि सहा उंच. लंडनच्या जुन्या विटा पिवळट असतात, कारण तिथल्या विटांच्या मातीत खडू मिसळत. वर धुरानं काळपटलेल्या. पिवळा रंग देऊन त्यावर दाट काळ्या चहाचा हात दिला की बरोबर ती कळा येते. रचनाही तिथली हवी, एक वीट आडवी, पुढची डोक्याकडून, पुन्हा आडवी. दर्शनी भिंतीला अडीच हजारांच्या आसपास विटा लागणार होत्या. आठशेव्या विटेला चिमटा धरायचं बोट बधिर झालं. तेव्हा आठवलं की त्या काळच्या बिल्डरांनीही तळमजल्यावर गिलावा चढवून त्यावर दगडी चिऱ्यांच्या खोट्या रेघा ओढल्या होत्या. मीही ओढल्या. ऐतिहासिकही झालं आणि सहाशे विटा वाचल्या.

खिडक्या वरखाली सरकणाऱ्या. काचेवरचा कर १८४५ मध्ये गेला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये, आणि मोठ्या काचा लोकांना परवडू लागल्या. म्हणून व्हिक्टोरियन खिडकीच्या प्रत्येक झडपेत दोनच मोठ्या काचा सापडतात; त्याआधीच्या घरांत सहा-सहा लहान तुकडे. मोठी काच जड, तिच्या भारानं सांधा सुटू नये म्हणून वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांत लाकडाची छोटी टोकं पुढे सोडायचे, शिंगांसारखी दिसणारी. ती शिंगं दिसली की घर साधारण कधीचं ते रस्त्यावरून ओळखता येतं. मला हे कळल्यापासून फिरायला जाणं बंद झालं, कारण मी दर घरासमोर थांबायचो. आमच्या काचा जावयाच्या शर्टांच्या खोक्यांवरच्या पारदर्शक झाकणांच्या आहेत. दारासमोरच्या फुटपाथवर कोळसा ओतायचं भोक असे, त्यावर साधारण फूटभर व्यासाचं लोखंडी झाकण. पाकिटातलं दोन रुपयांचं नाणं काढून पाहिलं, बरोबर इंचभर. काळं रंगवून बसवलं.

आता सालाची गोष्ट. घर १८६० च्या दशकात बांधलेलं आणि आम्ही दाखवतोय ते १८८२, असं मी आराखड्याच्या कोपऱ्यात शिक्क्यासकट लिहिलं होतं. दिवाणखान्याला विल्यम मॉरिस या डिझायनरच्या वॉलपेपरचा, विलोच्या झाडाच्या पानांचा नमुना छापून आणला. पहिली गंमत अशी, की खऱ्या नमुन्याचा बरोबर बारावा हिस्सा छापला तर पानं दिसतच नाहीत, भिंतीवर हिरवट बुरशी आल्यासारखं वाटतं. दुप्पट मोठा छापला तेव्हा कुठे विलो दिसला. खळ लावून, हवेचे बुडबुडे काढून, दोन दिवस दाबून सुकवला. तिसऱ्या दिवशी कळलं की तो नमुना १८८७ चा आहे. भिंत खरवडण्यापेक्षा साल खरवडलं. घर १८८८ मध्ये गेलं. वाईट काही झालं नाही. बोरीबंदरचं व्हीटी स्टेशन बांधून पुरं झालं तेही त्याच सुमारास, म्हणून तेवढं एक चित्र जेवणाच्या खोलीत टांगता आलं. मिस्टर थिंबल विमा कंपनीत कारकून, पण त्यांचा भाऊ मुंबईला जीआयपी रेल्वेत आहे, असं सईनं आणि मी मिळून ठरवलं.

इथवर ही लांबून बघत होती. पडद्यांपाशी तिनं काम हातात घेतलं. तिच्या जुन्या सुती साडीचा तुकडा कापून टांगला तर तो पत्र्यासारखा पुढे आला. इवल्याशा खिडकीला दोन इंच फुगवटा.

"अहो, कापड लहान केलं म्हणून वजन थोडंच तसं पडणार आहे? निऱ्या बसायला कापडाला स्वतःचा भार लागतो."

मग तिनं जी युक्ती केली ती मी कुठे वाचली नव्हती. मऊ ओढणीचा तुकडा भाताच्या खळीत बुडवला, थर्मोकोलवर टाचण्यांनी एकेक निरी बसवली आणि रात्रभर रेडिएटरपाशी ठेवला. सकाळी टाचण्या काढल्या, निऱ्या तशाच. पुण्याला मंगळागौरीच्या आधी नऊवारी अशीच खळवायची, म्हणाली. दिवाणखान्यातले लाल पडदे ते. जवळून पाहिलं तर खालच्या काठाला ओढणीची जरीची एक तार दिसते.

जमीन कॉफी ढवळायच्या लाकडी काड्यांची आहे, चहात भिजवून रंगवलेली. शोभेला दिवाणखान्यात अॅस्पिडिस्ट्राची कुंडी, हिरव्या कागदाच्या नऊ पानांची. गॅसच्या दिव्यांच्या धुरात बाकी झाडं माना टाकायची आणि हे तगायचं, म्हणून त्या काळात ते घरोघरी असे. दिव्यांबद्दल फार लिहीत नाही. पिवळ्या एलईडी, बारा व्होल्ट, दोनदा फ्यूज उडाला, जावयानं दुरुस्त केलं.

माणसं कोण कुठे झोपणार यावर आमचं पहिलं भांडण झालं. थिंबलांकडे एकच मोलकरीण, मेरी. अशा घरात बहुतेक एकच मुलगी असायची. पहाटे उठून शेगड्या पेटवायच्या, कोळसा वर न्यायचा, राख खाली आणायची, दिवसभर तळघर ते माळा. तिची खोली माळ्यावर. मी आराखड्यात तिथे फायरप्लेस दाखवली नव्हती, कारण मोलकरणीच्या खोलीला बरेचदा नसायची.

"मग तिला थंडी नाही वाजत?" सईनं विचारलं.

"वाजायची."

"पण कोळसा तीच आणते ना?"

मी म्हणालो, तेव्हा असंच होतं. हे उत्तर मलाच फारसं पटलं नाही. आमच्या वाड्यात जिन्याखाली झोपणाऱ्या गड्याला पांघरूण काय होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. सई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मेरी दिवाणखान्यात विलोच्या भिंतीखाली झोपलेली आणि मिसेस थिंबल माळ्यावर. हिनं मध्यस्थी केली. मेरी माळ्यावर परत गेली, पण तिला पांघरायला सहा इंची गोधडी मिळाली, उरलेल्या साडीची, खरे टाके घातलेली.

लंडनमधल्या १८८८ च्या घरात गोधडी कुठून आली, हा माझा आक्षेप. त्यावर मुलीनंच तोडगा काढला. आमच्याजवळच हॅकनेत, किंग एडवर्ड्स रोडवर, हिंदुस्थानातून साहेबांची मुलं सांभाळत आलेल्या आयांचं वसतिगृह होतं. २०२२ मध्ये त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. ते घर थिंबलांच्या नंतरचं, पण आया त्याच्या कितीतरी आधीपासून बोटीनं येत होत्या. तेव्हा रेल्वेतल्या भावाची मुलं घेऊन कोणी आया आली असेल आणि जाताना गोधडी मेरीला देऊन गेली असेल. मला पटलं. आराखड्याच्या कोपऱ्यात तशी नोंद केली.

शेवटचे सात आठवडे बागेला गेले. घराखालच्या बैठकीत चोवीस इंचांचा खण बसवला, म्हणजे बाग चोवीस फूट. मधून काळ्या-तांबड्या फरशीची वाट, कडेला दोरीच्या पिळाची नक्षी असलेल्या मातीच्या पट्ट्या, त्या मी खऱ्या सुतळीला प्लास्टरमध्ये बुडवून केल्या. टोकाला संडास. फुलांच्या वाफ्यांत त्या काळी एकाच उंचीची रंगीत रोपं गालिच्यासारखी ठासून लावत. लाल जिरेनियम, निळं लोबेलिया.

पण हिरवळ? हिरवळीसाठी मला वाटलं, दिवाळीचा किल्ला आपल्याला येतोच. माती थापायची, आळीव पेरायचं, ओलं पोतं टाकायचं, चौथ्या दिवशी सिंहगड हिरवा. मुलगी म्हणाली आळीव इथेही मिळतं, क्रेस म्हणतात, अंड्याच्या सँडविचमध्ये घालतात, आणि इथली मुलंही ते ओल्या कापसावर पेरतात. मला भरून आलं. खणात इंचभर माती पसरून सईनं आणि मी आळीव पेरलं.

तिसऱ्या दिवशी कोंब, चौथ्या दिवशी हिरवळ. पाचव्या दिवशी ती दोन इंच झाली, म्हणजे थिंबलांच्या गुडघ्याच्या वर. आठव्या दिवशी मिस्टर थिंबल हॅट सोडून दिसेनासे झाले. पाण्याचंही तसंच. झारीनं एक थेंब सोडला तर तो त्या बागेत लिंबाएवढा. पडला की जिरेनियम आडवं. सईनं तरी नेमानं सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. दहाव्या दिवशी कुबट वास येऊ लागला आणि अकराव्या दिवशी खण उघडेना. एमडीएफ पाणी प्यालं होतं. कडा पावासारख्या फुगल्या होत्या.

सई रडली नाही, पण बोललीही नाही, ते जास्त वाईट. मुलीनं कात्री आणली, आत हात घालून जमेल तेवढं आळीव कापलं आणि त्या दिवशी सगळ्यांनी अंड्याची सँडविचेस खाल्ली. मी खण तोडून काढला.

दुसरा खण प्लायचा, आतून व्हार्निश. पाणी वर्ज्य. हिरवळ चाळलेल्या लाकडाच्या भुशाची, हिरव्या रंगात कालवून गोंदावर भुरभुरली. कुंपणाला भांडी घासायचा हिरवा स्क्रबर, कात्रीनं कोपरे गोल केले की हुबेहूब कापलेली मेंदी. जिरेनियमची फुलं कागद भोकं पाडायच्या पंचातून निघालेल्या लाल टिकल्यांची. एकेक टिकली ओलसर करून बोटावर चुरगाळायची आणि चारचार एकत्र चिकटवायची. मी आणि सई सात संध्याकाळी बसलो तेव्हा दोन वाफे भरले. पावसाचं पाणी साठवायचं पिंप आहे, त्यातलं पाणी म्हणजे हिचं पारदर्शक नेलपॉलिश.

एक खरं झाड मात्र ठेवलं. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थोडी माती आणि अंगणातल्या भिंतीवरचं नेच्याचं इवलं रोप, झाकण गच्च. नथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास असं दिसलं, की बंद काचेत नेचा बाहेरच्या धुरात टिकतो, कारण आतलंच पाणी पुन्हा आत पडतं. मग असल्या काचेच्या पेट्या दिवाणखान्यातही आल्या आणि जहाजांवरही. चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या उतारावर आली ती त्यांतूनच. आमची बरणी माळ्याएवढी उंच आहे. ती घराशेजारी उभी असते आणि प्रमाणात बसत नाही. राहू दे.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खण ओढला, ढकलला, पुन्हा ओढला. विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. सईनं विचारलं, बागेचे उरलेले छत्तीस फूट कुठे आहेत. मी म्हणालो, पलंगाखाली.

जानेवारीत व्हिडिओ कॉलवर तिनं फोन पलंगाखाली नेला. आधी काही दिसेना, मग टॉर्च लागला. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आळीव पेरलेलं, मधे मेरी उभी, अंगावर गोधडी.

"या वेळी प्लास्टिकवर, आबा."

"अगं, पण तिथे ऊन नाही. पिवळं येईल ते."

"येऊ दे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे पण हिवाळाच आहे ना."